कौसाच्या हातचा चुडा

बांगडी मनगटाच्या मापानं घेत न्हाईत. हे आधी सांगून टाकतो, कारण शिकलेली माणसंसुद्धा इथंच चुकतात. एकदा एसटीचा एक कंडक्टर आमच्या दुकानात आल्ता. बायको झोपेत असताना तिच्या मनगटाला दोरा गुंडाळून त्यानं माप आणलं होतं. तिला न सांगता सणाच्या बांगड्या न्यायच्या होत्या. मी म्हणलं, "साहेब, ह्या मापाची बांगडी घालायची तर आधी पंजा कापावा लागंल." बिचारा घाबरला. बांगडी मनगटात राहती, पण जाती पंज्यावरून. अंगठ्याच्या बुडाशी जे हाड आहे तिथं सगळा खेळ. अंगठा तळव्यात दुमडायचा, ते हाड हळूच दाबायचं, बोटं निमुळती करायची आणि बांगडी फिरवत फिरवत वर न्यायची. ढकलली की गेली कामातून. दुसऱ्या बाजाराला त्यानं बायकोच आणली. दोऱ्याची गोष्ट ऐकून ती हसून हसून बेजार झाली, आणि तिच्या हातात चुडा कसा गेला ते मलाबी कळलं न्हाई. हसणाऱ्या माणसाचा हात सैल पडतो. भ्यालेल्याचा ताठतो, आणि ताठलेल्या हातावर बांगडी वाढती.

'वाढती' म्हणजे फुटती. आम्ही कासार 'फुटली' असं म्हणत न्हाई. सवाष्णीच्या हातातलं काकण फुटलं असं तोंडानं काढायचं न्हाई, 'वाढलं' म्हणायचं. मी चौथी शिकलेला माणूस. दिवाळी अंक काढणाऱ्या मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, तुमच्या धंद्याचं काहीतरी लिहा. मी म्हणलं, मला लिहिता येत न्हाई, बोलता येतं. ते म्हणले, मंग बोलल्यासारखं लिहा. तसं लिहून राह्यलो. घरात बोलायला आता कुणी न्हाई, म्हणून हेबी बरं. बायको मागच्या मार्गशीर्षात गेली. तिचं नाव चंद्रकला. जन्मात कधी नावानं हाक मारली न्हाई, इथं लिहून घेतो.

जालना जिल्हा झाला त्याच साली मी तीर्थपुरीत दुकान टाकलं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढं एक सतरंजी, सतरंजीवर बाया आणि मधी मी. मागं बायको माळा सोडून द्यायची. हिरव्या, लाल, पिवळ्या, एकेका मापाच्या दोरीत ओवलेल्या माळा. कुठल्या हाताला कुठलं माप ते मी हात धरल्याबरोबर सांगायचो, आणि ती मागून माळ पुढं सारायची. रस्त्याच्या पलीकडं मणियार चाच्याचं दुकान. चाच्याचा आणि माझा धंदा एकच, पण भांडण कधी न्हाई. त्याच्याकडं माप संपलं की तो गिऱ्हाईक माझ्याकडं धाडायचा, माझ्याकडं संपलं की मी त्याच्याकडं.

आमच्या धंद्यात दोन रीती आहेत, त्या ध्यानात ठेवा. पहिली अशी की चुडा भरून झाला की बाई कासाराच्या पाया पडती. पाटलीण असो का रोजानं खुरपायला जाणारी, वयानं ल्हान असो का मोठी. ते पाया पडणं खरं तर चुड्याला असतं, पण पाय माझे असत्यात, म्हणून जरा छाती फुगती. दुसरी रीत, कासार भरतो, फोडत न्हाई. कुणाचा नवरा गेला तर चुडा फोडायला बाकीच्या बाया असत्यात. तिथं कासाराला कुणी बोलवत न्हाई आणि बोलवलं तरी कासार जात न्हाई.

आता कौसाचं सांगतो.

पंचमीच्या आधीचा बाजार होता. पंचमीला आमच्याकडं बाया नवा चुडा भरल्याशिवाय वारुळाला जात न्हाईत. सतरंजीवर मुंगीला जागा नव्हती. अशा गर्दीत कासार तोंडं बघत न्हाई, हात बघतो. एक हात गेला की दुसरा पुढं येतो. एक हात पुढं आला, घट्टे पडलेला. त्यात नवल काय, आमच्याकडच्या बाईच्या हाताला कापूस वेचून वेचून घट्टेच असत्यात. पण तो हात असा ताठला होता की मला वाटलं नवी नवरी असावी. मी म्हणलं, "भिऊ नको बाई, मोकळा सोड." हळूहळू तो हात सैल पडला. दोन्ही हात भरले. हिरवागार चुडा. एकसुद्धा वाढली न्हाई. हात जोडून ती पाया पडायला वाकली आणि डोक्यावरचा पदर घसरला.

केस बारीक कापलेले. ओठावर मिसरूड. कुणीतरी ओरडलं, "अगं बया, हा तर गयाबाईचा धाकटा!" मंग जो हशा पिकला तो चाच्याच्या दुकानापर्यंत गेला. "मामा, गड्याला चुडा भरला!" "मामा, आता ह्याचं लगीनबी लावून द्या!"

खरं सांगतो, मला राग आला. ऐन सणाच्या बाजारात आपली फजिती झाली असं वाटलं. 'ऊठ इथून' असं तोंडात आल्तं, तेवढ्यात मागून बायको म्हणली, "हात दिला, चुडा भरला. आता काय पंचायत बसवायची का? सरका पुढं, कुणाचा हात हाये?" आणि तिनं पुढची माळ माझ्या मांडीवर टाकली.

पण पंचायत बसलीच. थोड्या वेळानं पोराचा बाप आणि थोरला भाऊ त्याला दंडाला धरून घेऊन आले. हे गोदाकाठच्या खेड्यातलं खातंपितं घर, बापाला सगळे आबा म्हणायचे. मागं गयाबाई, पदर तोंडात धरलेली.

आबा म्हणले, "कासार, फोड हे."

"आबा, मी फोडत न्हाई."

"मंग काढ."

"आमचा चुडा मापात भरलेला असतो. निघत न्हाई."

"तूच घातला न्हवं? तुझ्या हातानं घातला, तुझ्या हातानंच जाईल. बाजार बघू दे!"

"घालणं माझं काम, आबा. फोडणं कासाराच्या सात पिढ्यांत कुणी केलं न्हाई. तुम्ही रागावा, मला मारा, पण हे होणार न्हाई."

थोरल्यानं खाली पडलेला धोंडा उचलला. तेव्हा माझी बायको उठली. ती बुटकी, त्याच्या खांद्याला लागायची. ती आबांपुढं जाऊन उभी राह्यली आणि म्हणली, "आबासाहेब, हिरवा चुडा कधी फोडत्यात?"

आबांनी मान फिरवली.

"घरचा गडी गेला म्हणजे फोडत्यात. तुमच्या घरी कोण गेलं? सांगा, म्हणजे आम्ही दुकान बंद करून सुतकाला येतो."

थोरल्यानं बापाकडं बघितलं आणि धोंडा टाकून दिला. वर्षाचा सण, बाप जिता उभा, आणि त्याच्यासमोर हिरवा चुडा फोडायचा म्हणजे काय, हे सगळ्यांनाच कळलं. आबा एवढंच म्हणले, "आमच्या घराची पायरी चढायची न्हाई," आणि निघून गेले. गयाबाई मागं वळून वळून बघत गेली.

पोर तिथंच उभं. बायकोनं विचारलं, "नाव काय?"

"कौसल्या. आज्जीचं नाव हाये."

आईबापानं ठेवलेलं नाव वेगळं होतं. ते मी लिहिणार न्हाई, तिला आवडत न्हाई.

"बस मंग कौसा. ह्या सुटलेल्या बांगड्या दोरीत ओव. मापं एकमेकांत मिसळू नको."

अशी ती आमच्याकडं राह्यली. दुकानामागं एक खोली होती, तीत. शेजारपाजार येऊन सल्ले द्यायचे. आमच्याकडं देवीचे आराधी असत्यात, गडी माणसं पण देवीसाठी लुगडं नेसत्यात, कवड्यांची माळ घालत्यात. त्यांना कुणी हसत न्हाई, बाया कुंकू लावत्यात. मलाबी वाटलं हा सोपा मार्ग आहे. मी म्हणलं, "कौसा, नवरात्रात अंबडच्या देवीला जा आणि सांग, देवी अंगात आली. सगळ्यांची तोंडं बंद होतील. तुझा बापबी पाया पडंल."

ती म्हणली, "मामा, देवीनं काय केलं ह्यात? मला कळतंय तवापासून मी अशीच हाये. देवीवर कशाला ढकलू?"

"अगं, लोकांसाठी सांगायचं."

"लोकांसाठी खोटं बोलायचंच असतं तर मिशा काय वाईट होत्या?"

बायको मागं खुसूखुसू हसत होती.

मंग एकदा जालन्याहून तृतीयपंथी लोकांच्या गुरुमाय आल्या. त्यांना कौसाचं कुठून कळलं होतं कुणास ठाऊक. उंच बाई, तोंडात पान, बरोबर दोन चेल्या. बाजारात टाळी वाजली की दुकानदार दडून बसतात. पण त्यांनी आमच्या दुकानात टाळी वाजवली न्हाई, सतरंजीवर मांडी घालून बसल्या, चहा घेतला. कौसाला जवळ बोलावलं. "बेटा, हमारे साथ चलती क्या? तिथं तुला कुणी हसणार न्हाई."

कौसा म्हणली, "अम्मा, मला बांगड्या भरायला शिकायचंय."

"किसके हाथ में भरेगी? इथली एक बाई हात देणार न्हाई तुला."

कौसाची मान खाली गेली. गुरुमायनं आपला हात सतरंजीवर ठेवला. "ले. मेरा हाथ ले. बघू तुझी करामत."

करामत कसली. एक माळ जवळजवळ संपली तवा कुठं हात भरला. मनगटाला ओरखडे. गुरुमाय जाताना म्हणल्या, "जल्लाद है तू, बिलकुल जल्लाद. शीक. आणि न्हाईच जमलं तर दरवाजा उघडा है." पुढं त्या दरसाल यायच्या, मुद्दाम कौसाकडूनच भरून घ्यायच्या, आणि दरसाल ओरखडे कमी व्हायचे.

खरं शिकवलं ते माझ्या बायकोनं. कासाराच्या बायकोच्या हातात एका रंगाच्या बांगड्या कधीच नसत्यात. माळेतून उरलेली एक, रंग उडालेली दुसरी, असं काहीबाही ती घालती. चांगला माल विकायला. ती दुपारी कौसापुढं हात टाकून बसायची. "दाब. तिथं न्हाई, हाडाच्या खाली. मुडदे, हात माझा आहे, भेंडीचं रोप न्हाई उपटायला." कौसा भरायची, शिकायच्या बांगड्या सैल मापाच्या, म्हणून साबणाच्या पाण्यानं काढायची, परत भरायची. बायकोच्या हातावर कायम निळे डाग. मी म्हणायचो, "पुरं आता." ती म्हणायची, "तुम्ही माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकले तवा सासूचे हात काय सोन्याचे होते का?"

बायकांनी हात लगेच दिला न्हाई, हे सांगायला पायजे. कितीतरी सण गेले. कौसा माळा ओवायची, माप सांगायची, केस वाढले, आंबाडा घालायला लागली, पण सतरंजीवर तिच्यापुढं कुणी बसायचं न्हाई. पहिली बसली ती एक बाळंतीण. बाळंतपणानंतर तिच्या हाताला सूज होती आणि माझ्यासारख्या परक्या गड्याच्या हातात हात द्यायला तिला लाज वाटत होती. तिची सासू म्हणली, "कौसाला दे की, ती काय गडी हाये का?" एवढ्या सहज म्हणली, जसं काही हे कायम ठरलेलंच होतं. कौसानं त्या सुजलेल्या हातात मोठ्या मापाच्या बांगड्या घातल्या, आणि हात धरूनच राह्यली. बाळंतीण म्हणली, "मावशी, सोडा आता." तवापासून ती कौसामावशी झाली. पुढं वडीगोद्रीच्या रस्त्यावरच्या बाया, जांबच्या उत्सवातल्या बाया, सगळ्या 'मावशी कुठंय' म्हणून विचारायला लागल्या. लेकीसुना जे माझ्याशी बोलत नव्हत्या ते तिच्याशी बोलायच्या. माझ्यापुढं गप, तिच्यापुढं पोपटासारख्या. मला थोडं लागायचंबी.

टवाळ पोरं होतीच. एकदा एक जण सायकलवरून ओरडला, "ए कौसा, लगीन कधी करती?"

"तुझ्या बापाला विचार," कौसा म्हणली. "त्यानं मागणी घातल्ती, मीच न्हाई म्हणलं. तुझी माय वाचली."

त्या पोराची मायच सतरंजीवर बसलेली होती. ती सगळ्यात जास्त हसली.

पण एक हात कौसाला मिळाला न्हाई. गयाबाईचा. गयाबाई दर पंचमीला, दर संक्रांतीला बाजारात यायची आणि पलीकडं चाच्याकडं भरून घ्यायची. आबांचा धाक. आमच्या दुकानात पाऊल टाकलं असतं तर घरी काय झालं असतं ते तिलाच माहीत. गयाबाई चाच्याकडं बसली की इकडं कौसाच्या हातातली बांगडी हमखास वाढायची. एकदा चाच्या मला म्हणला, "भाई, वो गयाबाई हाथ मुझे देती है और नजर तेरी दुकान में रखती है. हात इतका ताठ की माझे चार काकणं जात्यात दरवेळी."

मी ते कौसाला सांगितलं. वाटलं होतं ती खूश होईल. ती म्हणली, "मामा, मायचा सांधा दुखतो उजव्या अंगठ्याचा. ल्हानपणी मीच तेल लावायची. चाच्याला सांगा, उजवा हात आधी गरम पाण्यात धरायचा." मी जाऊन सांगितलं. चाच्यानं तवापासून गयाबाई आली की तांब्या तापवायला लावला. इतकी वर्षं कौसानं मायची एवढीच सेवा केली, रस्त्यापलीकडून.

मागच्या मार्गशीर्षात बायको गेली. फार दिवस पडली न्हाई. तिच्या मनासारखं झालं, ती माझ्या आधी गेली. सवाष्ण गेली म्हणजे तिला हिरवा चुडा भरून निरोप देत्यात. बाया म्हणल्या, कासाराची बायको, कासारानंच भरावा. मी माळ घेतली, तिच्याजवळ बसलो, हात हातात घेतला. जन्मभर हाताचं माप ओळखून खाल्लं, आणि बायकोचं माप मला आठवना. तिला मी कधी माप बघून बांगडी दिलीच नव्हती. जी उरली ती दिली.

अंगठा दुमडत नव्हता. मी म्हणलं, "कौसा, तू ये."

बायकोची भावजय अंबडहून आल्ती. ती पुटपुटली, "ह्याच्या हातानं? शेवटचा चुडा?"

मी म्हणलं, "बायको माझी, दुकान माझं, चुडाबी माझाच. ज्याला बघवत न्हाई त्यानं बाहेर बसावं." मला गोड बोलता येत न्हाई.

कौसानं गरम पाणी मागवलं, तेल मागवलं. मामीचा हात मांडीवर घेऊन चोळत बसली. घाई केली न्हाई. जिवंत बाईशी बोलावं तशी बोलत होती. "मामी, मोकळा सोडा. इथंच दाबायचं न्हवं का, हाडाच्या खाली? बघा, बराबर आहे का." दोन्ही हात भरले. एकबी वाढली न्हाई. एका रंगाचा, एका मापाचा भरगच्च चुडा माझ्या बायकोच्या हातात मी पहिल्यांदा बघितला. लग्नानंतर पहिल्यांदा. हे मला आधी सुचायला पायजे होतं, ती असताना. आता त्याला इलाज न्हाई.

दारात बाया उभ्या होत्या. त्यांच्यात गयाबाई होती. आबांना सांगून आली का चोरून, मला म्हाईत न्हाई. सारा वेळ कौसाच्या हाताकडं बघत राह्यली.

आता ह्या पंचमीचं सांगतो आणि थांबतो. गिऱ्हाईक पहिल्यासारखं राह्यलं न्हाई. पोरी प्लॅस्टिकच्या आणि धातूच्या बांगड्या घालत्यात, कॉलेजात काचेच्या चालत न्हाईत म्हणत्यात. माझा मुलगा जालन्याला दुसऱ्या धंद्यात आहे. पण पंचमीच्या बाजाराला अजून सतरंजी भरती. मधी आता कौसा बसती. मी मागं बसतो, बायकोच्या जागी, आणि माळा पुढं सारतो. चुकीची सारली की कौसा मामीसारखीच खेकसती.

पलीकडं गयाबाई आली. चाच्या आता थकलाय. त्यानं तिला बघून तांब्या तापवायला सांगितला. ती बसली न्हाई. उभी राह्यली, मंग रस्ता वलांडून आमच्याकडं आली. चाच्या ओरडला, "गयाबाई, पाणी गरम हुआ!" ती म्हणली, "तिकडं द्या धाडून."

येऊन सतरंजीवर बसली, रांगेत, बाकीच्या बायांच्या मागं. पुढं जा म्हणलं तरी गेली न्हाई. एकेक हात होत गेला. कौसा नेहमीसारखी मान खाली घालून हातच बघत होती. मंग तो हात पुढं आला, उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला. कौसा थांबली. मान वर केली न्हाई. मला वाटलं आता काचा होणार.

गयाबाई म्हणली, "हळू भर. दुखतो तो."

"म्हाईतंय," कौसा म्हणली. "मोकळा सोड, माय."

चाच्याचा तांब्या आल्ता. कौसानं हात पाण्यात धरला, चोळला. मी हिरवी माळ पुढं सारली, ह्या वेळेला माप चुकलं न्हाई. एक, दोन, सगळ्या गेल्या. दोन्ही हात झाले. गयाबाईनं हात हलवून बघितले, आवाज ऐकला, आणि पदर सावरून कौसाच्या पाया पडायला वाकली.

कौसानं पाय वढून घेतले. "माय! असं काय करती? मी लेकरू हाये तुझं!"

गयाबाईनं ते पाय धरून परत पुढं आणले. "लेकरू घरी. इथं तू कासार हायेस," ती म्हणली. "रीत मोडू नको."